चार फेऱ्या बाकी

३ फेब्रुवारी, सोमवार

ऑर्नडेल कॉलेजच्या म्हणण्याप्रमाणे मी पदवीधर नाही. हे कुणाला सांगण्यासारखं नाही आणि सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून ही वही आणली.

झालं ते असं. हॅडलॉक डोअर्समध्ये मी पर्सोनेलची मुख्य. हल्ली एचआर म्हणतात, मी म्हणत नाही. कचेरीतल्या प्रत्येक खुर्चीला पदवी हवीच, हा नियम माझा. जानेवारीत आणखी एक मंजूर करून घेतला: सगळ्यांच्या पदव्या त्यांच्या कॉलेजांकडून पडताळायच्या. ज्याची पदवी सिद्ध होणार नाही त्याने खुर्ची सोडायची, ती पदवीधराला द्यायची. ३१ मार्चला यादी मालकांच्या टेबलावर. इतरांना अवघड वाटू नये म्हणून यादीत पहिलं नाव मी माझंच घातलं.

पहिलं उत्तरही माझंच आलं. पदवी दिल्याची नोंद नाही.

उत्तरं माझ्याच स्क्रीनवर येतात, हे एक बरं.

कारकुनी चूक आहे. उद्या फोन करून झापणार.

४ फेब्रुवारी, मंगळवार

झापलं. उपयोग झाला नाही.

रजिस्ट्रारच्या कचेरीत मिस्टर पेल म्हणून कुणी तरुण आहे. म्हणाला, मॅडम, तुमचे सगळे विषय सुटलेत, मध्ययुगीन इतिहासात तर फार छान गुण आहेत, फक्त पोहणं राहिलंय.

आमच्या वेळी ऑर्नडेलला पदवीसाठी तलावाच्या चार फेऱ्या न थांबता पोहून दाखवाव्या लागत. माझ्या तारखेला मला सर्दी होती. व्यायामाच्या बाई म्हणाल्या, नंतर कधी तरी ये. कधी ते त्यांनी सांगितलं नाही. चूक त्यांची.

पेलने विचारलं, मग पदवीचा कागद आला नाही तेव्हा तुम्हाला काही वाटलं नाही का? मी सांगितलं, समारंभात सगळ्यांनाच रिकामा फोल्डर देतात, कागद मागाहून पोस्टाने येतो, आणि त्र्याऐंशी साली पोस्टाचा कारभार ढिला होता. फोल्डर मी काचेत घालून कचेरीत लावला आहे. मिटलेलाच. उघडा लावणारे लोक मिरवणारे असतात, हे माझं पहिल्यापासूनचं मत.

ही परीक्षा त्यांनी पुढे बंद केली म्हणे, तलाव गळायला लागल्यावर. पण ज्याला त्याला आपापल्या वर्षाचे नियम लागू. सूट हवी तर समितीकडे अर्ज, समिती मे महिन्यात बसते. मी सूट घेत नाही. शिवाय मे म्हणजे उशीर. दुसरा मार्ग असा की कुठल्याही प्रमाणित लाइफगार्डने चार फेऱ्या डोळ्यांनी पाहून सही करावी.

पेलचं बोलणं मात्र नम्र होतं. कुठल्या कॉलेजचा विचारायला हवं होतं.

ठराव: दोन आठवड्यांत पोहायला शिकणे. शंभर वर्षांचं युद्ध मी एका शनिवार-रविवारात पाठ केलं होतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

कर्टिस हॅडलॉकने वर बोलावलं. त्याच्या वडिलांनी मला नेमलं तेव्हा हा दारांच्या नमुन्यांमधून लपाछपी खेळायचा. आता मालक आहे.

म्हणाला, अर्डिस, ऑर्डर डेस्कची जागा उन्हाळ्यापासून रिकामी आहे. फोन उचलायचा, दाराचं माप लिहून घ्यायचं. याला पदवी कशाला? काढून टाकू ना ती अट. सगळ्याच जागांची काढू.

मी म्हटलं, माप कुणीही लिहील. पण हाती घेतलेलं शेवटापर्यंत नेणारा माणूस कसा ओळखायचा? पदवीवरून. चार वर्षं एक गोष्ट धरून तडीला नेलेली असते.

तो म्हणाला, टॅमरा तात्पुरती म्हणून तो डेस्क सांभाळतेच आहे, काय बिघडलंय?

टॅमरा बोगार्डस माझ्या हाताखाली रोजंदारीवर मदतनीस आहे, म्हणून तिला पदवीची अट नाही आणि ती यादीतही नाही. तीनदा बढती मागितली, तीनदा नाही म्हटलं. पदवी नव्हती. काम बरं करते, पण फार बोलते.

विषय १४ मार्चच्या संचालकांच्या सभेत घ्यायचं ठरलं. अटीची बाजू मी मांडणार.

अट गेली तर पडताळणीही जाईल आणि माझ्या त्या किरकोळ बाबीचा प्रश्नच उरणार नाही, हे माझ्या लक्षात आलं. जिना उतरेपर्यंत लक्षात होतं. मग सोडून दिलं. तत्त्व म्हणजे तत्त्व.

१० फेब्रुवारी, सोमवार

वाचनालयातून पोहण्यावरची दोन पुस्तकं आणली. एकात आकृत्या चांगल्या आहेत. रविवारी चर्चहून आल्यावर जेवणाच्या टेबलावर पालथी पडून हातांचा सराव केला. सिद्धांत पक्का झाला. दिव्याची काच फुटली, पण ती तशीही जुनीच होती.

पोहणं म्हणजे मुळात शिस्त.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

गावच्या तलावावर गेले. बाहेर गुडघाभर बर्फ, आत दमट ऊब आणि क्लोरिनचा वास. नवशिक्यांना शिकवायला एकच लाइफगार्ड आहे, आणि ती ब्रिन.

ब्रिन म्हणजे माझ्या बहिणीची, मर्नाची, मुलगी. एक सत्र कॉलेज करून सोडून आली. थँक्सगिव्हिंगला टर्की कापता कापता मी तिला अर्धवट म्हटलं होतं. सगळ्यांसमोर म्हटलं, पण प्रेमाने.

मला पाहून म्हणाली, मावशी, चुकून आलीस का? आजीबाईंचा वर्ग मंगळवारी असतो, त्यात पाण्यात उभं राहून हात हलवायचे असतात. मी म्हटलं, मला पोहायला शिकायचंय, तब्येतीसाठी. ती म्हणाली, उतर.

पाणी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे वागत नाही. दहा मिनिटांनी ब्रिन म्हणाली, मावशी, पाण्याशी भांडू नकोस, ते तुझ्या हाताखाली कामाला नाही.

उद्धट आहे. सत्र पूर्ण केलं असतं तर बोलायची रीत आली असती.

१९ फेब्रुवारी, बुधवार

तोंड पाण्यात घालणे, हा आजचा धडा. तोंड पाण्यात घालण्याची गरज मला पटलेली नाही. तसं ब्रिनला सांगितलं. ती म्हणाली, सभा बोलाव, ठराव मांड, तोवर मी इथेच उभी आहे.

घातलं.

शेजारच्या पट्ट्यात लहान मुलांचा वर्ग होता. एकाने दोरीवरून डोकं काढून विचारलं, ही आजी बुडतेय का? ब्रिन म्हणाली, नाही रे, विचार करतेय.

कचेरीत दिवसभर कानात पाणी. टॅमराचं बोलणं कमी ऐकू आलं, तेवढाच आराम. बसवत नव्हतं. सगळी कपाटं उपसून पुन्हा लावली. संध्याकाळी टॅमराने विचारलं, बाई, काही हरवलंय का? मी म्हटलं, हरवायला मी काय तू आहे?

२२ फेब्रुवारी, शनिवार

तरंगले. जवळजवळ. एक पाय खाली होता, पण भार त्याच्यावर नव्हता.

काठावर दम घेताना ब्रिनपाशी सहज विषय काढला की कॉलेज सोडून काय मिळवलंस. म्हणाली, मावशी, वर्गात तीनशे जण. पुढचा माणूस भिंतीशी बोलतोय, मागचे फोनशी. सोफ्याला दुकानात लेबल असतं ना, तेवढंच आहे ते. त्यावर बसता येत नाही, पण सोफा भारीतला आहे हे कळतं.

मी म्हटलं, लेबल नसलेला सोफा कुणी घरी नेत नाही.

ती म्हणाली, मग चार वर्षं सोफा कशाला बनवतात, लेबलच विका की.

याला चांगलं उत्तर आहे. तेव्हा नाकात पाणी गेलं होतं म्हणून देता आलं नाही. सभेपर्यंत लिहून काढणार.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन आठवडे झाले. मूळ वेळापत्रक घाईत केलं होतं. सुधारित वेळापत्रक: १० मार्चपर्यंत चार फेऱ्या.

सध्या पाव.

कचेरीतली बाकीची उत्तरं आली. सगळ्यांच्या पदव्या खऱ्या निघाल्या. हिशेबातला गसी पाद्रीपणाची पदवी घेऊन बसलाय, रंगाच्या विभागाची बाई संगीताची. एकाचाही विषय त्याच्या कामाला लागत नाही. पण सगळ्यांनी पूर्ण केलंय. याचा मला अभिमान वाटला. मग वाटायचा थांबला.

५ मार्च, बुधवार

ब्रिनला खरं सांगावं लागलं, कारण सही तिचीच लागणार. ती हसली नाही. हसली असती तर मला रागावता तरी आलं असतं.

एवढंच म्हणाली, म्हणजे इतकी वर्षं तू आहेस तशीच आहेस, आणि पदवी नव्हतीच?

मी म्हटलं, शिक्षण होतं.

ती म्हणाली, मग प्रश्नच मिटला. आण तो कागद, आत्ता सही करते. कोण बघतंय?

मी तिला प्रामाणिकपणावर चार शब्द सुनावले. पट्ट्यातली मुलंही ऐकत होती, त्यांनाही उपयोग होईल. म्हटलं, मी पोहेन, तू बघशील, मग सही. खांदे उडवून म्हणाली, तुझी मर्जी, पण मग पाय खाली टेकवायचे नाहीत हं, मला दिसतात ते.

७ मार्च, शुक्रवार

चर्चच्या तळघरात फिश फ्राय, म्हणजे दर शुक्रवारचं तळलेल्या मासळीचं जेवण. मर्ना शेजारी येऊन बसली. म्हणाली, ब्रिन म्हणत होती तू रोज येतेस. तिला जरा कॉलेजचं सांग ना, ताई, तुझं ऐकेल ती. मी म्हटलं, योग्य वेळी सांगेन. मर्ना म्हणाली, तू तर टर्कीची सुरी हातात असतानाही थांबली नव्हतीस, आता कसली वेळ बघतेस?

कोबीचं कोलस्लॉ आंबट होतं. लवकर उठले. गाडी घेऊन गावाला दोन वळसे घातले. काम काही नव्हतं.

११ मार्च, मंगळवार

एक फेरी. पूर्ण. ब्रिन शेजारून चालत होती आणि सारखी म्हणत होती, श्वास घे, श्वास घे, श्वासाला परवानगी लागत नाही. माझी पद्धत पुस्तकातल्या कुठल्याच आकृतीत बसत नाही. ब्रिनच्या मते ती साधारण कुत्र्याची आहे. पेलला विचारून घेतलं: नियमात पद्धत दिलेली नाही.

१४ मार्च, शुक्रवार

विजय.

सभेत कर्टिस, त्याची आई आणि दोन काका. कर्टिसने आपलं म्हणणं मांडलं: माणसं मिळत नाहीत, कॉलेजात शिकवलेलं इथे कुणाच्या उपयोगी पडत नाही. मग मी उठले.

म्हटलं, कॉलेजात काय शिकवतात याच्याशी हॅडलॉक डोअर्सला कर्तव्य नाही. पदवी सांगते ती वेगळीच गोष्ट. या माणसाला चार वर्षं कंटाळवाण्या, कधी कधी निरर्थक गोष्टी करायला सांगितल्या आणि त्याने शेवटची निरर्थक गोष्टसुद्धा पूर्ण केली, एवढंच ती सांगते.

कर्टिस म्हणाला, म्हणजे कंटाळा सोसल्याचा दाखला?

मी म्हटलं, हो. नोकरीत दुसरं काय असतं?

थोरले काका एवढे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. अट कायम. शेवटी कर्टिससकट एकमताने.

निघता निघता कर्टिसने विचारलं, समजा कुणी यादीची बातमी लागल्यावर घाईघाईने कुठून तरी पदवी मिळवून आणली तर? मी जागच्या जागी कलम सांगितलं: नेमणुकीच्या तारखेला पदवी हातात हवी, मागाहून मिळवलेली त्या खुर्चीसाठी धरायची नाही. कर्टिसच्या आईने विचारलं, जुन्या लोकांना काही सवलत? मी म्हटलं, कुणालाही नाही. सगळं लिहून घेतलं गेलं.

या कलमाचा माझ्याशी संबंध नाही. माझी पदवी त्र्याऐंशी सालची आहे. फक्त पोहणं राहिलंय.

१७ मार्च, सोमवार

दोन फेऱ्या. मग काठ धरला. खरं तर काठच मध्ये आला.

तिसरी निम्मी झाली होती, म्हणजे जवळजवळ तीन, आणि तीन म्हणजे बहुतेक काम झालंच. हे मी ब्रिनपाशी केवळ गणित म्हणून मांडलं. ती टॉवेल घडी करत होती. म्हणाली, मावशी, शेवटची निरर्थक गोष्टसुद्धा पूर्ण करायची असते ना?

सभेतलं वाक्य मी तिला कौतुकाने ऐकवलं होतं. पुढे काही ऐकवायचं नाही.

२१ मार्च, शुक्रवार

अडीच. टोपी घट्ट होती.

२४ मार्च, सोमवार

गेले नाही. खांदा धरला आहे. पडताळणीची यादी उघडली, मिटली. पुन्हा उघडली. कॉफी केली, प्यायले नाही. रस्त्याकडेचा काळा बर्फ फावड्याने फोडून काढला. तो दोन दिवसांत आपोआप वितळलाच असता.

ब्रिनचा फोन. म्हणाली, मी पट्टा राखून ठेवलाय, मुलं विचारतायत आजी कुठे गेली. मी म्हटलं, खांदा. ती म्हणाली, खांदा घेऊनच ये.

२६ मार्च, बुधवार, सकाळ

पोहले.

चारही. तिसऱ्या फेरीत वाटलं की हे आता जमत नाही, आणि आश्चर्य म्हणजे तसं वाटूनही हात चालूच होते. चौथीत काहीच वाटलं नाही. पाण्याखाली फार शांत असतं. तिथे मला कुणाला काही सांगायचं नव्हतं.

ब्रिनने सही केली. मग तलावभर ऐकू जाईल अशी ओरडली, माझी मावशी पदवीधर झाली. मुलांनी टाळ्या वाजवल्या, दोघं धावत आले. ओल्या फरशीवर धावायचं नसतं, असं मी त्यांना सांगितलं. पोहण्याचा चष्मा मी काढला नाही. क्लोरिन.

ब्रिनला म्हटलं, तू चांगली शिकवतेस. म्हणाली, तू वाईट शिकतेस, पण सोडत नाहीस. मग दोघी बाकावर बसून मशीनमधले डोनट खाल्ले. कॉलेजचा विषय काढायला ही योग्य वेळ होती. काढला नाही.

२८ मार्च, शुक्रवार

पेलचा फोन. अभिनंदन, मॅडम, आज तुम्ही पदवीधर झालात.

मी म्हटलं, आज नव्हे, त्र्याऐंशी साली. तो म्हणाला, पदवीची तारीख म्हणजे ज्या दिवशी शेवटची अट पुरी झाल्याचं आमच्याकडे नोंदवलं जातं तो दिवस. म्हणजे आजचा. मी त्याला समजावलं की पोहणं हा काही शिक्षणाचा भाग नव्हे, शिक्षण तेव्हाच पूर्ण झालं होतं. तो म्हणाला, मॅडम, मग तेव्हाच पदवी मिळाली असती.

आवाज चढवून पाहिला. तो नम्रच राहिला. म्हणाला, मागची तारीख घालता येत नाही, नियम आहे. आणि नियम कुणी केला माहीत नाही, पण चांगला आहे, नाही तर लोक काहीही करतील.

मी खुर्चीत असताना असा माणूस मिळाला असता तर लगेच नेमला असता.

३१ मार्च, सोमवार

सकाळी यादी वर दिली. पहिल्या नावापुढे लिहिलं: पदवी खरी, तारीख नेमणुकीनंतरची.

कर्टिसने तीनदा वाचलं. मग उठून दार लावलं. म्हणाला, अर्डिस, हे पान फाडून टाक. मी पाहिलंच नाही. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाचं असतं तर फाडलं असतंस? तो म्हणाला, दुसऱ्या कुणाचं असतं तर तू फाडू दिलं नसतंस. मी म्हटलं, मग.

त्याने पान यादीत परत ठेवलं. मग म्हणाला, सभेत मी तुला हरवायचा केवढा प्रयत्न केला होता. मी म्हटलं, तुझी तयारी कमी पडली.

माझ्या खुर्चीला पदवीधर हवा. कर्टिस म्हणाला, टॅमरा आहे. मी म्हटलं, तिला पदवी नाही. तो म्हणाला, आहे, डिसेंबरात झाली, कॉलेजचं पत्र माझ्याकडे आलंय. टॅमराला बोलावलं. क्रीडा आणि मनोरंजन व्यवस्थापन, संध्याकाळी घरून, कॉम्प्युटरवर. म्हणाली, बाई, तुम्हीच म्हणाला होतात कुठलीही चालेल, म्हणून सगळ्यात लवकर संपणारी कुठली ते विचारलं. मी विचारलं, त्यात काय शिकवलं? म्हणाली, शिबिरात पोराला गांधीलमाशी चावली तर काय करायचं ते. मी विचारलं, आणि मला का सांगितलं नाहीस? म्हणाली, चौथ्यांदा नाही ऐकायचं नव्हतं.

पूर्ण केली आहे, हे महत्त्वाचं. निवड योग्य आहे असं मी लिहून दिलं.

राहता राहिली ऑर्डर डेस्कची जागा. अट: पदवी, नेमणुकीच्या तारखेला हातात. ती अट या कचेरीत आज मोकळं असलेलं एकच माणूस पुरी करतं. अर्ज मीच केला. मुलाखत टॅमराने घेतली. तिने विचारलं, बाई, हाती घेतलेलं शेवटापर्यंत नेल्याचं एखादं उदाहरण सांगा. मी अलीकडचं सांगितलं. ती म्हणाली, छान, पण फोनवर जरा गोड बोलावं लागेल हं.

दुपारी सोपवलं ते असं: कर्मचाऱ्यांच्या कपाटांच्या किल्ल्या. कचेरीचा शिक्का, शाईच्या पॅडसकट. पदवी पडताळणीची यादी, पूर्ण. नियमांची फाइल, शेवटच्या कलमासह. आगीच्या कवायतीची शिट्टी. दाराजवळची गाडी लावायची जागा.

घेणार: टॅमरा बोगार्डस, पर्सोनेल मुख्य.

देणार: अर्डिस टटल, बी. ए., ऑर्डर डेस्क, सहा महिने उमेदवारीवर.